शाळूचे वाण आणि बिअरचा हिशेब

आवडीचे आणि हातात बसलेले तेच धरून ठेवावे, की दर खेपेला नवे काही करून पाहावे? हा प्रश्न स्वयंपाकघरात रोज पडतो. युरोपात तो बिअर करणाऱ्यांनाही पडत आला आहे. तिथे पूर्वी घरोघरी बिअर करीत, आणि हौसेने घरी करणारे आजही आहेत. त्यांच्यात दोन तट दिसतात. एक म्हणतो, एकच कृती दहा वेळा करा, म्हणजे कशाने काय बिघडते ते कळेल. दुसरा म्हणतो, दहा वेगवेगळ्या कृती करा, नाहीतर याहून चांगली होती की नाही हे कधी कळणारच नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे. शिवाय हौसेपुरता हा वाद निरुपद्रवी आहे. बिघडलेली बिअर मोरीत ओतून टाकता येते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घाट घालता येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे अधिकृत नाव अहमदनगर) कर्जत, जामखेड, पाथर्डी, श्रीगोंदे, पारनेर या तालुक्यांत शाळू म्हणजे रब्बी ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो, पण तो निरुपद्रवी नसतो. वाडवडिलांपासून चालत आलेली मालदांडी पेरायची, की कृषी विद्यापीठाने काढलेले नवे वाण? वर्षातून पेरणी एकदाच होते. आयुष्यभरात फार तर चाळीस पेरण्या हाती लागतात, आणि त्यांतली काही वर्षे दुष्काळाची निघतात. निवड चुकली तर पुढच्या सुगीपर्यंत कणगीत ज्वारी नसते आणि गोठ्यात कडबा नसतो.

बिअरवाल्याचा आणि शाळूवाल्याचा प्रश्न सारखा आहे, एवढेच सांगायचे असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. या दोघांची गाठ इतिहासात खरोखरच पडलेली आहे. नवे वाण जुन्यापेक्षा सरस आहे की नाही हे ठरवण्यासाठी आज राहुरीला जो हिशेब मांडतात, त्याचा एक महत्त्वाचा भाग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डब्लिनच्या एका बिअर कारखान्यात तयार झाला. तो तिथे का लागला आणि इकडे कसा आला, ते आपण पाहू.

तेच ते टिकवण्याची धडपड

बिअरचे मुख्य धान्य सातू म्हणजे बार्ली. सातू भिजवून त्याला मोड आणतात, मग ते धान्य भट्टीत सुकवतात. नाचणीचे सत्त्व करताना आपण मोड आणतो तसाच हा प्रकार आहे. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. पुढे हे धान्य भरडून गरम पाण्यात ठेवले की विकरांमुळे पिष्टाची साखर होते. या गोड पाण्यात हॉप नावाच्या वेलीची फुले उकळून कडवटपणा आणतात आणि ते निवले की त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. मागच्या खेपेचे थोडे यीस्ट राखून ते पुढच्या खेपेला वापरायचे, ही पद्धत आपल्या विरजणासारखीच. जरा उबदार तापमानाला आंबवलेल्या बिअरला एल म्हणतात. डब्लिनची काळीभोर गिनेस याच कुळातली.

आर्थर गिनेसने १७५९ साली डब्लिनमधील सेंट जेम्सेस गेट येथील कारखान्याची जागा भाड्याने घेतली. भाडेपट्टा ९००० वर्षांचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हा जगातील सर्वांत मोठा बिअर कारखाना झाला होता. घरी बिअर करणाऱ्याने कृती बदलायची की नाही हा त्याचा खासगी प्रश्न. कारखान्याला ती सोय नव्हती. ग्राहकाला प्रत्येक पिंपात तीच चव हवी होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘तेच ते’ करीत राहणे म्हणजे काहीच न करणे, असे आपल्याला वाटते. पण सातू दर वर्षी वेगळा येतो. पाऊस वेगळा, जमीन वेगळी, साठवण वेगळी. कृती तशीच ठेवली तर बिअर बदलणार. बिअर तशीच हवी तर धान्य पारखून कृती सावरावी लागणार. म्हणजे आवडते टिकवण्यासाठीही सतत मोजमाप करावे लागते. म्हणूनच १८९० च्या दशकापासून गिनेस कंपनी विद्यापीठांतून शास्त्र शिकलेल्या तरुणांना नोकरीवर घेऊ लागली.

गॉसेटची अडचण

विल्यम सीली गॉसेट (१८७६-१९३७) हा त्यांपैकी एक. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून तो १८९९ मध्ये गिनेसमध्ये दाखल झाला. त्याच्यापुढे पडलेला एक प्रश्न असा होता. मोड आणून सुकवलेल्या सातूपासून साखरेचा उतारा किती मिळतो हे प्रयोगशाळेत मोजायचे. एकाच ढिगातून दोन नमुने घेतले तरी आकडे थोडे वेगळे येत. मग किती नमुने तपासले म्हणजे आकड्यावर भरवसा ठेवावा?

गॉसेटने कंपनीसाठी केलेल्या हिशेबात याचे उत्तर पैजेच्या भाषेत दिले. आपली सरासरी खऱ्या आकड्यापासून अर्ध्या अंशाच्या आत असण्याची शक्यता दोन नमुन्यांवर ४ ला १, तीन नमुन्यांवर ७ ला १ आणि चार नमुन्यांवर १२ ला १ येते. नमुने वाढवत नेले तर खात्री वाढत जाते, पण प्रत्येक तपासणीला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून किती खात्री पुरे, हे काम पाहून ठरवावे लागते. गणित शक्यता सांगते. कुठे थांबायचे ते गणित सांगत नाही.

यात खरी मेख वेगळीच होती. त्या काळचे संख्याशास्त्र शेकड्यांनी, हजारांनी घेतलेल्या निरीक्षणांसाठी बनलेले होते. इतकी निरीक्षणे असली की त्यांच्यातला चढउतारही नीट कळतो. पण चारच निरीक्षणे असतील तर सरासरी जशी अनिश्चित, तसा तो चढउतारही अनिश्चित. चारही आकडे योगायोगाने जवळजवळ आले, तर आपल्याला नसलेली खात्री वाटू लागते.

हा गुंता सोडवण्यासाठी गॉसेट १९०६-०७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्याकडे गेला. तिथे त्याने आपले गणित पडताळण्यासाठी केलेला प्रयोग कोणत्याही वर्गात करण्याजोगा आहे. ३००० कैद्यांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी यांची तयार नोंद उपलब्ध होती. गॉसेटने ते आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, तुकडे चांगले पिसले आणि चार-चारांचे ७५० गट केले. प्रत्येक गटाची सरासरी आणि चढउतार काढून त्याने पाहिले की लहान गट खऱ्या सरासरीपासून किती भरकटतात. गणिताने सांगितलेले आणि तुकड्यांनी दाखवलेले चांगले जुळले.

हा निबंध १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात आला, पण गॉसेटच्या नावाने नाही. नोकरांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये असा कंपनीचा दंडक होता. म्हणून लेखकाचे नाव ‘स्टुडंट’ म्हणजे विद्यार्थी असे पडले. पुढे रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात या पद्धतीला आजचे रूप दिले. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘स्टुडंटची टी-चाचणी’ म्हणून जी भेटते ती हीच.

चार शेतांचा हिशेब

ही चाचणी काय करते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. चार शेतांत जुने आणि नवे वाण शेजारी-शेजारी पेरले आहे. जुन्याचे उत्पन्न एकरी ५, ७, ४ आणि ६ क्विंटल आले. त्याच शेतांत नव्याचे ६, ७, ५ आणि ८ क्विंटल आले. नव्याची आघाडी अनुक्रमे १, ०, १ आणि २ क्विंटल, म्हणजे सरासरी १ क्विंटल. एकाही शेतात नवे वाण मागे पडलेले नाही. मग निर्णय झाला का?

आता आघाड्यांमधला चढउतार मोजू. सरासरीपासूनचे फरक ०, -१, ० आणि १. त्यांच्या वर्गांची बेरीज २. तिला ३ ने भागले की ०.६७, आणि त्याचे वर्गमूळ ०.८२. शेते चार, म्हणून याला चारच्या वर्गमुळाने, म्हणजे २ ने भागायचे. आले ०.४१. ही सरासरीची प्रमाण त्रुटी. सरासरी आघाडी १ क्विंटल, ती या त्रुटीच्या सुमारे २.४५ पट आहे.

निरीक्षणे भरपूर असतील तेव्हाचा नियम असा, की हे गुणोत्तर १.९६ च्या वर गेले तर, खरा फरक नसताना केवळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता वीसात एकापेक्षा कमी. या नियमाने नवे वाण जिंकले. पण ‘स्टुडंट’चे कोष्टक म्हणते, निरीक्षणे चारच असतील तर १.९६ पुरत नाही, ३.१८ हवे. २.४५ तिथवर पोचत नाही. अर्थात नवे वाण वाईट आहे असेही यातून निघत नाही. सिद्ध झाले एवढेच, की अजून एक-दोन हंगाम पाहायला हवे. ज्याच्या हातात फार थोडे प्रयोग आहेत त्याने घाईने हुरळून जाऊ नये, यासाठी हे कोष्टक आहे.

शेतकऱ्यांचे म्हणणे खरे ठरते

गिनेसला चांगल्या सातूची गरज होती, म्हणून आयर्लंडच्या कृषिखात्याबरोबर विसाव्या शतकाच्या आरंभापासून सातूच्या वाणांच्या चाचण्या चालल्या. गॉसेट त्यांत बुडालेला होता. एका शेतात एका वर्षी पहिले आलेले वाण दुसऱ्या शेतात तिसरे येते, हे त्याने पुष्कळ पाहिले. म्हणून तो आग्रहाने सांगे, की चाचण्या अनेक ठिकाणी, अनेक वर्षे आणि प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या रानात व्हाव्यात. या चाचण्यांतून आर्चर नावाचे वाण वर आले. पुढे स्प्रॅट आणि आर्चर यांच्या संकरातून स्प्रॅट-आर्चर हे त्याहून सरस वाण निघाले आणि ते आयर्लंडबरोबर इंग्लंडमध्येही पसरले.

मात्र एका भागातील शेतकरी ते पेरायला तयार होईनात. आमचे गावठी सातूच बरे, असे ते म्हणत. त्यांची समजूत घालण्यासाठी कृषिखात्याने त्या गावठी सातूचे शुद्ध बियाणे तयार केले आणि त्याच भागात दोन्ही वाणे पेरून तुलना केली. निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. त्या रानात गावठी वाणच जास्त पिकले. कारणही कळले. त्या भागात तण फार माजते. गावठी सातू उगवल्यावर झपाट्याने वाढून तणाला दाबून टाकी. स्प्रॅट-आर्चर सुरुवातीला सावकाश वाढे, त्यामुळे तणच त्याला दाबून टाकी. गॉसेटने स्वतः ही हकीगत १९३१ साली लिहून ठेवली आहे.

म्हणजे देशभरातली सरासरी बरोबर होती आणि त्या शेतकऱ्यांचा नकारही बरोबर होता. सरासरीने सगळ्या देशाचे उत्तर दिले होते. त्यांनी आपल्या रानापुरते उत्तर दिले होते.

मालदांडी का टिकली?

आता आपल्याकडे येऊ. नगर जिल्ह्याचा पूर्व आणि दक्षिण भाग पर्जन्यछायेत आहे. शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या थंडीवर पीक निघते. या पिकासाठी एकेकाळी गावोगावची वेगवेगळी वाणे होती. हुरड्यासाठी गूळभेंडी आणि कुचकुची, शिवाय दगडी, आणि भाकरीसाठी मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून जे वाण काढले, ते मालदांडी ३५-१. तेव्हापासून आजपर्यंत दख्खनच्या शाळूच्या पट्ट्यात ते टिकून आहे.

दरम्यान शास्त्र थांबले नव्हते. १९६४ मध्ये देशातील ज्वारीचे पहिले संकरित वाण सीएसएच-१ प्रसारित झाले. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ सुरू झाले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. १९६९ पासून अखिल भारतीय ज्वारी सुधार प्रकल्प चालू झाला. खरिपात संकरित ज्वारीने उत्पन्नाचे आकडे बदलून टाकले. रब्बीसाठीही संकरित वाणे निघाली, पण शाळूचा शेतकरी मालदांडी सोडीना.

या नकाराला अनेकांनी जुनाटपणा म्हटले. शेतकऱ्याचा हिशेब मात्र वेगळा होता. विद्यापीठाच्या कागदावर ठळक आकडा धान्याचा असे. शेतकरी धान्य मोजतो तसाच कडबाही मोजतो. मालदांडीचे ताट उंच, कडबा भरपूर आणि जनावरे तो आवडीने खातात. दुष्काळात कडब्याची पेंढी धान्याइतकीच मोलाची होते. नगर जिल्ह्यात २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे आठवले म्हणजे या हिशेबाचे वजन कळते. दुसरी गोष्ट दाण्याची. मालदांडीचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा आणि चमकदार. भाकरी गोड लागते, म्हणून बाजारात भावही बरा मिळतो. तिसरे म्हणजे खोडमाशीला हे वाण बऱ्यापैकी तोंड देते, तर सुरुवातीच्या रब्बी संकरित वाणांना तिचा त्रास जास्त होई. चौथे, बियाणे घरचे ठेवता येते. संकरित बियाणे दर वर्षी विकत आणावे लागते.

आयर्लंडच्या त्या शेतकऱ्यांप्रमाणे हेही लोक एका खुणेने मोजत नव्हते. ‘सरस’ म्हणजे कशात सरस, हा प्रश्न त्यांनी न बोलता विचारला होता.

डब्लिनचा हिशेब राहुरीला

गॉसेट आणि फिशर यांचे संख्याशास्त्र भारतीय शेतीत आणणाऱ्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॉसेटने तीस वर्षांपूर्वी तुकडे पिसले, तिथेच त्यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली. डॉ. विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले शेतीच्या कार्यकर्त्यांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. देशातल्या कृषी विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. गावोगाव होणारे पीक कापणी प्रयोग, ज्यांत यादृच्छिक पद्धतीने शेत निवडून ठरावीक तुकड्यातले पीक कापून मोजतात, ते रुजवण्यातही या दोघांचा मोठा वाटा होता.

अशा चाचण्या वर्षानुवर्षे, निरनिराळ्या जमिनींत घेतल्यावर राहुरीला काय आढळले? शाळूचे एकच सर्वश्रेष्ठ वाण सापडले नाही. त्याऐवजी जमिनीच्या खोलीनुसार शिफारस तयार झाली. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा आणि फुले माऊली. ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, फुले चित्रा, परभणी मोती आणि मालदांडी ३५-१. त्याहून खोल भारी जमिनीला फुले वसुधा आणि फुले यशोदा. पाणी देता येत असेल तर फुले रेवती. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी.

याचे कारण मातीत आहे. पेरणीनंतर पाऊस नाही, म्हणजे जमिनीत साठलेली ओल हीच पिकाची शिदोरी. उथळ जमिनीत ती लवकर संपते, म्हणून तिथे लवकर तयार होणारे वाण लागते. खोल जमिनीत ओल उशिरापर्यंत पुरते, तिथे सावकाश वाढणारे, जास्त पिकणारे वाण तिचा फायदा घेते. या यादीत मालदांडी अजून आहे, हे लक्षात घ्यावे. ती हटली नाही. तिची जागा कोणती ते ठरले. सगळ्या शिवारात एकच वाण पेरणारा शेतकरी माळावरच्या हलक्या तुकड्यात कदाचित तोटा सोसत होता, आणि सगळीकडे एकच नवे वाण पेरा म्हणणारा सल्लागारही तितकाच चुकत होता.

चिकटून राहण्याचा धोका

आवडत्याच्या बाजूने इतके बोलल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, आणि तीही आयर्लंडचीच आहे. एकोणिसाव्या शतकात तिथला गरीब माणूस बटाट्यावर जगत होता आणि पुष्कळ ठिकाणी लम्पर नावाच्या एकाच वाणावर. हे वाण हलक्या जमिनीतही भरपूर पिके, म्हणून ते लाडके झाले. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे सगळी झाडे गुणांनी जवळजवळ एकच. १८४५ मध्ये करपा आला आणि त्या एकसारख्या रानांत त्याला अडवणारे काही नव्हते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. लम्पर निवडणाऱ्यांची निवड त्यांच्या काळापुरती शहाणपणाचीच होती. पण निवडीला पर्याय उरला नव्हता.

मालदांडी ३५-१ हीसुद्धा अनेक प्रकारच्या झाडांच्या मिश्र समूहातून निवडलेली एक ओळ आहे. तो मूळ समूह आणि त्याची भावंडे नाहीशी झाली, तर उद्या नव्या रोगाला तोंड देणारे गुण कुठून आणायचे? म्हणून वाणांचे साठे लागतात. हैदराबादजवळ १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेत देशोदेशीच्या ज्वारीच्या वाणांचा मोठा संग्रह आहे. नगर जिल्ह्यातच, पण शाळूच्या पट्ट्यापासून दूर सह्याद्रीच्या अंगाला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा यांची गावठी बियाणी जमवून बियाणे बँक उभी केली. ‘बायफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळूवाला आपल्या शेतात निश्चिंतपणे एकच वाण पेरू शकतो, कारण कुणीतरी कुठेतरी अनेक वाणे जिवंत ठेवलेली असतात.

आणि एकच वाण राखणेही फुकट होत नाही. ज्वारीत बहुतेक दाणे स्वपरागणाने भरतात, पण काही प्रमाणात शेजारच्या शेताचा पराग वाऱ्याने येतोच. उभ्या पिकातून जातिवंत कणसे निवडून बियाणे राखले नाही, तर काही वर्षांत मालदांडी नावापुरती उरते. गिनेसला जे सातूच्या बाबतीत करावे लागले, तेच इथेही.

किती नवे, किती जुने?

मग हातात मोजक्या संधी असताना नव्यावर किती खर्च करावी? या प्रश्नाला विसाव्या शतकात गणिताचे रूप मिळाले. १९३३ मध्ये विल्यम थॉम्पसन यांनी आणि १९५२ मध्ये हर्बर्ट रॉबिन्स यांनी तो मांडला. दोन औषधे आहेत, कोणते चांगले ते नक्की ठाऊक नाही. प्रत्येक येणाऱ्या रुग्णाला कोणते द्यावे? नुसते आजवर चांगले ठरलेलेच देत गेलो तर दुसऱ्याचा गुण कळत नाही. नुसते आलटूनपालटून देत गेलो तर काही रुग्णांना विनाकारण कमी गुणाचे मिळते. या अभ्यासातून एक सरळ गोष्ट निघते. पुढे जितक्या जास्त संधी शिल्लक, तितका सुरुवातीच्या धुंडाळण्याचा फायदा मोठा. संधी थोड्या उरल्या असतील तर हाती आहे तेच बरे.

अनुभवी शेतकरी याला आपल्या पद्धतीने उत्तर देतो. सारे रान मालदांडीचे ठेवून बांधाकडेच्या एका पट्ट्यात नवे वाण टाकतो. साधले तर पुढच्या वर्षी पट्टा रुंद करतो. फसले तर घरची ज्वारी आणि कडबा सुरक्षित असतो. ‘स्टुडंट’च्या कोष्टकाने यात भर घातली ती एवढीच, की एका पट्ट्याच्या एका वर्षावर विसंबू नका आणि शेजारच्या चार जणांचे पट्टेही जमेस धरा.

शाळूच्या पट्ट्यातील शाळांना यातून दोन उपक्रम करता येतील. पहिला उपक्रम वर्गातला. सर्व मुलांच्या उंचीचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावेत. चार-चार चिठ्ठ्या काढून सरासरी लिहावी, चिठ्ठ्या परत टाकून डबा हलवावा आणि हे पन्नास वेळा करावे. सगळ्या वर्गाची सरासरी फळ्यावर लिहून ठेवली असेल, तर चारांची सरासरी तिच्यापासून किती दूर जाते ते मुले स्वतः पाहतील. दुसरा उपक्रम गावातला. मुलांनी दहा घरी जाऊन कोणते वाण, कोणत्या जमिनीत आणि कोणत्या कारणासाठी पेरले ते विचारून लिहावे. शाळेजवळ जमीन असेल तर दोन वाणे आलटूनपालटून पट्ट्यांत पेरावीत, आणि काढणीच्या वेळी दोन वजने घ्यावीत, एक धान्याचे आणि एक कडब्याचे. आकडे कुणाच्याही बाजूचे आले तरी वही जपून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना तुलनेसाठी तीच लागणार आहे.